दोन मिनिटं अलीकडे

अकरा वर्षं व्हर्लीन स्टकी आमची नॉर्मल होती.
दर सोमवारी बाही वर सारून
स्वतःची नस ती स्वतःच शोधायची,
नळीवर पेन्सिलीने लिहायची: कंट्रोल.
बाकीच्या नळ्या फोर्ट वेनहून यायच्या, बर्फात,
नावांच्या जागी आकडे लावून.

पेशीच्या आत नाही, सालीवर,
बाहेरच्या अंगाला एक एन्झाइम चिकटलेलं असतं.
ते धापा टाकतं. जलद, मंद, पुन्हा जलद.
निरोगी असेल तर चोवीस मिनिटांनी तीच धाप परत.
कर्करोगाचं असेल, सालीवरून गळून रक्तात आलेलं,
तर बावीस मिनिटांतच माघारी.
म्हातारपणाचं सव्वीस लावतं.
असं आमचे प्रोफेसर म्हणायचे.
त्यांचं म्हणणं तीन नियतकालिकांनी साभार परत केलं होतं,
आणि मीही पगारापुरताच विश्वास ठेवायचे.

काम असं: दीड मिनिटाला एक आकडा.
दिव्यासमोर क्युवेट, कागदावर पेनची सुई,
खिडकीतून धान्याचा उंच कोठार,
तिथे तिचा डेल्बर्ट मका तोलत असायचा.

तेव्हा इंडियानात उन्हाळ्यातही काटे सरकवत नसत.
ओहायोहून आलेला माणूस हमखास एक तास चुकायचा.
‘आपण जागचे हलत नाही, बाई,
बाकीचं जग इकडेतिकडे होतं,’ व्हर्लीन म्हणायची,
आणि पर्सिमन पुडिंगचा डबा उघडायची.

फेब्रुवारी. वाबाश नदी काठाकाठाने गोठलेली.
कंट्रोलची शिखरं मोजली,
पट्टी ठेवून पुन्हा मोजली.
बावीस.

दिवा जुना झालाय, ती म्हणाली.
दिवा बदलला.
बफर शिळं असेल. नवं केलं.
रक्त ताजं काढलं, दुसऱ्या हातातून.
मग मला म्हणाली, तू लपव.
मी तिची नळी बारांमध्ये मिसळली,
तिच्यावर सात लिहिलं, आणि चिठ्ठी माझ्या खिशात.
दोन दिवस ती एकटीच बसली त्या बारांपाशी.
शुक्रवारी संध्याकाळी पट्टी सातवर थांबली.
‘या बाईला कुणीतरी कळवायला हवं,’ ती म्हणाली.

मी खिशात हात घातला.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
टोप्या लावल्या, नळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या,
गुरुवारची पत्त्यांची उधारी, एक डॉलर दहा सेंट,
मोजून टेबलावर ठेवली.

लाफायेटच्या डॉक्टरने चाचपलं, फोटो काढले,
छाती, पोट, पुन्हा छाती.
काही नाही.
‘तुमचं यंत्रच दाखवा एखाद्या डॉक्टरला,’ तो हसला.
बरोबरच होतं त्याचं.
कागदावरच्या शिखराला कुठे टाका घालणार?
आणि प्रोफेसर, ज्यांना हेच हवं होतं इतकी वर्षं,
दारात उभे राहिले, चष्मा पुसत राहिले,
अभिनंदन करावं की सांत्वन, ते सुचेना.

तेव्हापासून कंट्रोल मी.
माझी नस ती शोधते, हलक्या हाताने.
पहिल्याच आलेखात चोवीस नीट, घड्याळासारखं,
पण प्रत्येक शिखरामागे एक बारीक उंचवटा,
सव्वीसच्या आसपास, लाजल्यासारखा.
‘म्हातारपण लागलं गं तुला,’ ती म्हणाली,
इतकी हसली की डोळे पुसावे लागले.
मी चौतीस वर्षांची होते.

एप्रिलमध्ये सगळ्या देशाने काटे पुढे केले,
आम्ही नाही.
तिने ओहायोच्या बहिणीला फोन लावला,
आजाराचं काही बोलली नाही,
फक्त विचारलं, तिकडे किती वाजले?
फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.
‘तिकडे असते तर
एक तास आधी कळलं असतं.’

डेल्बर्टला तिने अजून सांगितलेलं नाही.
सोमवारी बाही वर सारते,
नळीवर पेन्सिल टेकवते,
सवयीने क काढते,
खोडते,
आणि लिहिते: सात.